डिस्क्रीट मॅथ्स: थेट दुसऱ्या वर्षाला आलोय, पहिली दोन युनिटं बुडाली, इन-सेम तीन आठवड्यांवर

चाळीसगावचा_डिप्लोमावाला

नमस्कार. चाळीसगावला राहून डिप्लोमा केला आणि आता नाशिकला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळालाय. पुणे विद्यापीठ, २०१९ पॅटर्न. शेवटच्या फेरीत नंबर लागला, त्यामुळे पहिल्यांदा वर्गात बसलो तेव्हा डिस्क्रीटचं दुसरं युनिट संपत आलं होतं. फळ्यावर शून्य आणि एकची मोठी चौकट होती आणि सगळे भराभर उतरवून घेत होते. मला काहीच कळलं नाही.

दहावीपर्यंत मराठी माध्यम. डिप्लोमाचं गणित पहिल्या वर्षातच सुटलं. होस्टेलवरचा एक जण म्हणतो, सत्राच्या मधली परीक्षा, इन-सेम, ३० मार्कांचीच आहे, सोडून दे, सत्राच्या शेवटच्या एंड-सेमच्या ७० मध्ये ही दोन युनिटं येतच नाहीत. दुसरा म्हणतो, मागचे पाच पेपर पाठ कर. मला पास तर व्हायचंच आहे, पण समजायलाही हवंय. सिद्ध करा असा प्रश्न आला तर मार्क कसे देतात? शेवटचं उत्तर चुकलं की सगळे जातात का?

टीई_कॉम्प

इन-सेम एक तासाची. प्रश्न १ किंवा २, प्रश्न ३ किंवा ४, प्रत्येकी १५. म्हणजे युनिट एकवर एक आणि युनिट दोनवर एक. मीही डिप्लोमावालाच. मला २२ पडले होते आणि एंड-सेमला ग्राफचा प्रश्न फसला तेव्हा त्याच २२ नी तारलं. सोडू नकोस.

फळा_आणि_खडू

मी हा विषय बारा वर्षं शिकवते आहे आणि पेपर तपासायलाही बसते, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी होस्टेलवरच्या मित्राचा हिशोब तपासू. इन-सेमला दोन युनिटांचे ३०, म्हणजे एका युनिटाला १५. एंड-सेमला तीन ते सहा अशा चार युनिटांचे ७०, म्हणजे युनिटाला साडेसतरा. फरक अडीच मार्कांचा. जे ३० तुला आत्ता दोनच युनिटं वाचून मिळू शकतात, ते सोडायचे कशासाठी? आणि ही युनिटं पुढे येत नाहीत हे फक्त प्रश्नपत्रिकेपुरतं खरं आहे. युनिट तीनचं काउंटिंग संचांवर उभं आहे. युनिट चारमधला ग्राफ म्हणजे चित्रात काढलेलं रिलेशनच, म्हणजे युनिट दोनमधलं घटकांमधलं नातं. सहामधला ग्रुप समजायला फंक्शन म्हणजे काय हे पक्कं लागतं. दरवर्षी डिसेंबरात मुलं माझ्याकडे ग्राफची शंका घेऊन येतात, आणि खोदत गेलं की अडचण युनिट दोनमध्ये निघते.

आता मार्कांचं. शेवटचं उत्तर चुकलं म्हणून सगळे मार्क जात नाहीत. पायऱ्यांना मार्क असतात. इंडक्शनचं उदाहरण घे, म्हणजे विधान पहिल्या संख्येसाठी दाखवायचं आणि एका संख्येसाठी खरं असेल तर पुढचीसाठीही खरं ठरतं हे दाखवायचं: पहिल्या न विषम संख्यांची बेरीज न चा वर्ग असते हे सिद्ध करा. उत्तरपत्रिकेत मला पुन्हा पुन्हा काय दिसतं, तर एक, दोन, तीन, चारसाठी पडताळा, चारही बरोबर, आणि खाली ‘म्हणून सिद्ध झाले’. पडताळा हजार संख्यांचा केलास तरी ती सिद्धता होत नाही. पाच मार्कांचा प्रश्न असेल तर मी साधारण एक मार्क पहिल्या पायरीला आणि एक ‘क साठी खरं मानू’ या वाक्याला देते. वाटणी पेपरागणिक बदलते, पण उरलेले तीन मार्क एकाच ओळीत असतात: क चा वर्ग अधिक (२क + १) म्हणजे (क + १) चा वर्ग. ही ओळ का लिहिली हे तुला सांगता आलं तर इंडक्शन आलं.

वॉर्शलच्या पद्धतीचंही तसंच. नात्यात कुठल्या घटकापासून मधल्या घटकांवरून कुठे पोचता येतं हे ती चौकटींनी काढते. तू फळ्यावर पाहिलेली शून्य-एकची चौकट बहुतेक तीच असणार. चार घटक असतील तर मूळ चौकटीनंतर चार चौकटी काढायच्या, आणि चारही लिहायच्या. पहिल्या चौकटीत एक आकडा चुकला तर ती चूक शेवटपर्यंत वाहत जाते, पण पद्धत बरोबर दिसली की तपासणारा मार्क देऊ शकतो. नुसती शेवटची चौकट लिहिलीस आणि ती चुकली, तर मार्क देण्यासारखं कागदावर काही उरतच नाही.

हॅसे आकृतीत, म्हणजे कोणत्या संख्येने कोणत्या संख्येला भाग जातो असं नातं रेघांनी दाखवणाऱ्या चित्रात, मुलं जास्तीच्या रेघा मारतात. ३६ चे विभाजक नऊ: १, २, ३, ४, ६, ९, १२, १८, ३६. एकने चारला भाग जातो म्हणून १ ते ४ रेघ मारायची नाही, कारण वाटेत दोन आहे. ही आकृती आजच काढ. रेघा बरोबर १२ आल्या पाहिजेत.

सगळ्यात जास्त मार्क जातात ते अँटिसिमेट्रिकला. सिमेट्रिक म्हणजे अ चं ब शी नातं असेल तर ब चंही अ शी असतं; अँटिसिमेट्रिक म्हणजे दोन वेगळ्या घटकांत ते दोन्ही बाजूंनी कधीच नसतं. मुलांना वाटतं, सिमेट्रिक नाही म्हणजे अँटिसिमेट्रिक. तसं नाही. ‘समान आहे’ (=) हे नातं एकाच वेळी दोन्ही असतं. व्याख्या शब्दन् शब्द लिहून मग उदाहरणाला लाव, मनाने अर्थ लावू नकोस.

तुझ्या मराठी माध्यमाबद्दल. नववीच्या बीजगणिताचा पहिला धडा आठव: संच. व्हेन आकृती, उपसंच, छेद, संयोग आणि दोन संचांच्या संयोगातल्या घटकांची संख्या, हे सगळं तुझं झालेलं आहे. युनिट एकमध्ये त्याचाच तीन संचांचा प्रश्न येतो. १ ते १००० मध्ये २, ३ किंवा ५ ने भाग जाणाऱ्या संख्या किती? ५००, ३३३ आणि २००, बेरीज १०३३. त्यातून जोड्यांचे १६६, १०० आणि ६६ वजा. शेवटी तिन्हींनी भाग जाणाऱ्या ३३ परत मिळवायच्या. उत्तर ७३४. ज्यांचं ७०१ येतं ते ३३ विसरलेले असतात. नववीचं पुस्तक घरी असेल तर मागवून घे, पहिले तीन दिवस तेच वाच, आणि वहीच्या डाव्या पानावर मराठी शब्द, उजव्या पानावर इंग्रजी अशी यादी कर. विचार मराठीत कर, पेपर इंग्रजीत लिही. त्यानंतर चार-पाच दिवस लॉजिक आणि इंडक्शनला. उरलेले सगळे दिवस रिलेशनला दे, तिथेच वेळ लागतो. मागचे पेपर शेवटच्या आठवड्यात, घड्याळ लावून. पाठ करायचे नाहीत, सोडवायचे.

आणि तू चाळीसगावचा, पाटण तुझ्या शेजारी. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचं अध्ययन चालावं म्हणून त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ काढला, त्याचा शिलालेख तिथेच आहे. लीलावतीत शंकराच्या दहा हातांतली दहा आयुधं किती प्रकारे बदलता येतील असा प्रश्न आहे. उत्तर ३६,२८,८००. विष्णूच्या चार हातांसाठी २४. युनिट तीन मी याच प्रश्नाने सुरू करते.

रात्रपाळी_हिंजवडी

मॅडमनी सगळं सांगितलंय, एकच भर. इन-सेम झाली की एनपीटीईएलचा, म्हणजे आयआयटींच्या ऑनलाइन शिक्षण उपक्रमाचा, डिस्क्रीटचा बारा आठवड्यांचा कोर्स बघ. व्हिडिओ फुकट आहेत. तिथली वाटणी वेगळी: दर आठवड्याच्या असाइनमेंटचे २५, त्यात बारापैकी सर्वोत्तम आठ धरतात, आणि केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेचे ७५. दर आठवड्याला काहीतरी सोडवून द्यावं लागतं, त्यामुळे अभ्यास साचत नाही. मला याचाच फायदा झाला.

युनिट पाचमध्ये हफमन कोडिंग येईल, जास्त वेळा येणाऱ्या अक्षरांना छोटे कोड देऊन माहिती कमी जागेत बसवण्याची पद्धत. १९५१ साली एमआयटीत प्राध्यापक फानो यांनी वर्गाला पर्याय दिला होता: शेवटची परीक्षा द्या किंवा टर्म पेपर लिहा. हफमन तेव्हा विद्यार्थी होता. त्याने पेपर निवडला आणि त्यातून ही पद्धत निघाली. ती वाचताना हे मनात ठेव, मला तरी त्यामुळे तो भाग जवळचा वाटला.

चाळीसगावचा_डिप्लोमावाला

सगळ्यांचे मनापासून आभार. पाटणला शाळेच्या सहलीत गेलो होतो, शिलालेखाचं मात्र कुणी सांगितलं नव्हतं. बहिणीने नववीच्या पुस्तकातल्या संचाच्या धड्याचे फोटो पाठवलेत.

मॅडम, ३६ ची आकृती काढली. तीनदा मोजल्या, रेघा १३ येतात. १ पासून २ आणि ३. २ पासून ४, ६ आणि १२. ३ पासून ६ आणि ९. ४ पासून १२. ६ पासून १२ आणि १८. ९ पासून १८. १२ आणि १८ पासून ३६. कुठली जास्त आहे?

फळा_आणि_खडू

२ पासून १२ ची. वाटेत ४ आहे, ६ सुद्धा आहे. ती खोड आणि आता ६० ची काढ. विभाजक बारा येतील. रेघा किती आल्या ते इथे लिही, मी उद्या संध्याकाळी बघते.