प्रतिसाद: वस्तू उचलून मांडली की झाली कला?

'नदीकाठचा कचरा उचलून कपाटात ठेवला, यात कलाकाराचं काय?' हा प्रश्न रास्तच आहे. पण अमेरिकन कलाकार मार्क डायनची लंडनच्या टेट कलासंग्रहालयासाठीची 'टेट थेम्स डिग' ही कलाकृती पाहिली की तो इतका सोपा राहत नाही.

१९९९ च्या उन्हाळ्यात डायन आणि स्वयंसेवकांनी लंडनमध्ये ओहोटीच्या वेळी मिलबँक आणि बँकसाइड इथला थेम्सचा काठ धुंडाळला. मग तंबूत बसून सगळं धुतलं, निवडलं, वर्गवारी केली. शेवटी जुन्या संग्रहालयात शोभेल असं लाकडी कपाट. त्यात मातीच्या चिलमींचे तुकडे, कालवांचे शिंपले, हाडं, खापरं आणि त्यांच्याच पंगतीला प्लास्टिकचा चक्क आजचा कचरा!

चिलमींचंच बघा. स्वस्त आणि ठिसूळ, मोडली की फेकली, म्हणून काठावर त्यांचा खच. सुरुवातीच्या चिलमींची वाटी, म्हणजे तंबाखू भरायचा भाग, अगदी इवलीशी, कारण तंबाखू महाग होता. पुढे तो स्वस्त झाला तशी वाटी मोठी होत गेली. पुरातत्त्वाचे लोक त्यावरून काळ ठरवतात.

डायन मात्र कपाटात काळानुसार क्रम लावतच नाही. जुनं-नवं शेजारी शेजारी, मौल्यवान-फुटकळ एकाच मापाने. कुठली वस्तू ठेवायची, कशाला महत्त्व द्यायचं, हे संग्रहालय कसं ठरवतं, यावरच त्याचं बोट आहे. मला तरी कपाटापेक्षा ती धुण्या-निवडण्याची खटपटच खरी कलाकृती वाटते. कपाट जरा जास्तच देखणं झालंय!