मदत हवी आहे: नीट कोड लिहिणारा वेब डिझायनर कोल्हापुरात कुणी आहे का?

नमस्कार मंडळी. चप्पल लाईनला आमचं दुकान आहे. गेल्या वर्षी वेबसाइट करून घेतली, दिसायला एकदम झकास. पण परवा एका अंध गिऱ्हाइकाचा फोन आला, "दादा, तुमच्या साइटवर माझा स्क्रीन रीडर नुसतं इमेज, इमेज म्हणतोय." (स्क्रीन रीडर म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर.) बघितलं तर नाव, माप, दर सगळं फोटोतच छापलेलं आणि एकाही फोटोला ऑल्ट टेक्स्ट (फोटोत काय आहे ते सांगणारा कोडमधला मजकूर) नाही. ऑर्डर मी फोनवर घेतली, पण मनाला फार लागलं.

मग डब्ल्यूथ्रीसी या वेबचे नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या व्हॅलिडेटरमध्ये, म्हणजे कोडमधल्या चुका शोधणाऱ्या साधनात, पान टाकलं, तर चुकांची ही भली मोठी यादी! मजकूर मराठी आणि कोडमध्ये भाषा इंग्रजी लावलेली. मोबाईलवर मापाचा तक्ता कापला जातो ते वेगळंच.

आता सगळं नव्यानं करायचंय. सिमँटिक एचटीएमएल (मथळा, यादी, बटण अशा प्रत्येक भागाला कोडमध्ये त्याच्या अर्थाचीच खूण) हवं, अक्षरांचा मागच्या रंगाशी कॉन्ट्रास्ट (उजेडातला फरक) किमान ४.५:१ हवा, ऑर्डरचा फॉर्म नुसत्या कीबोर्डनं भरता आला पाहिजे. राजारामपुरी, शाहूपुरी, कुठलाही माणूस चालेल. चार पैसे जास्त गेले तरी हरकत नाही.

आणि काम देण्याआधी माणूस पारखायचा कसा? त्यानं केलेल्या जुन्या साइट व्हॅलिडेटरमध्ये टाकून बघणार आहे. तेवढं पुरेल, की अजून काय विचारू?