वर्कशॉपची नोंदणी आणि पैसे एकाच जागी कसे घ्यायचे? (वर्डप्रेस साइट, नाशिक)

चाकावरची

नमस्कार मंडळी. गंगापूर रोडला माझा छोटा पॉटरी स्टुडिओ आहे. शनिवार-रविवार बॅच घेते. चाकं आठ, म्हणून माणसंही आठच. नववा आला तर त्याला नुसतं बघत बसावं लागतं. फी माणशी १,८०० रुपये, त्यात माती, ग्लेझ, भाजणी सगळं आलं. वेबसाइट वर्डप्रेसवर आहे, पुतण्याने करून दिलेली. तो आता हिंजवडीला नोकरीला लागला, त्यामुळे "काकू, संध्याकाळी बघतो" याच्या पुढे गाडी सरकत नाही.

सध्या साइटवर गूगल फॉर्मची लिंक आहे आणि खाली क्यूआर. फॉर्म भरा, पैसे पाठवा, स्क्रीनशॉट व्हॉट्सअ‍ॅप करा. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात फॉर्म भरतो मुलगा, पैसे येतात बाबांच्या खात्यातून आणि स्क्रीनशॉट पाठवते आई, तिसऱ्याच नंबरवरून. रात्री जेवणं उरकली की मी बँकेचं अ‍ॅप, फॉर्मची शीट आणि व्हॉट्सअ‍ॅप समोर घेऊन ताळा लावत बसते. कोणी फॉर्म भरून पैसे देत नाही, कोणी पैसे देऊन फॉर्म भरत नाही, आणि दोघांनाही वाटतं की आपली जागा पक्की झाली.

मध्यंतरी एकाने ऐन बॅच सुरू होताना स्क्रीनशॉट पाठवला. माझे हात कोपरापर्यंत मातीत. अशा वेळी बोटाच्या ठशाने फोन उघडतही नाही. दुपारी खातं बघितलं तर पैसे आलेच नव्हते. तोवर गृहस्थ दोन मग करून गेले होते. ते मग अजून कच्चेच फळीवर आहेत, न्यायलाही कोणी आलं नाही.

शिवाय वाइनरी बघायला येणारी मुंबईची मंडळी शुक्रवारी रात्री अकराला विचारतात, "उद्या सकाळी दोन जागा मिळतील का?" मी झोपलेली असते. सकाळी उत्तर देईपर्यंत त्यांनी त्र्यंबकेश्वरचं ठरवलेलं असतं.

एका एजन्सीने ४५,००० सांगितले, वर दरवर्षी देखभालीचे वेगळे. एवढ्यात जुनी भट्टी नीट होऊन येईल. दिवाळीआधी पणत्यांच्या कार्यशाळा सुरू होतात, तेव्हा गर्दी असते. त्याआधी हे मार्गी लावायचंय. कोणी स्वतः केलंय का?

हरिहरवाला

ताई, पेमेंट गेटवेच्या (वेबसाइटवर ग्राहकाचे पैसे घेऊन आपल्या खात्यात पोचवणाऱ्या मधल्या कंपनीच्या) नादी लागू नका असं माझं मत. मी हरिहर, अंजनेरी, ब्रह्मगिरीला ट्रेक नेतो, सगळं क्यूआरवरच चालतं. यूपीआयवरचा एमडीआर (पैसे घेणाऱ्या दुकानदाराकडून कापली जाणारी फी) सरकारने जानेवारी २०२० पासून शून्य केलाय. गेटवे मध्ये आला की २ टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. तुमच्या १,८०० मागे ४२ रुपये ४८ पैसे गेले. आठ जणांचे ३४० धरा. कशाला?

फॉर्ममध्ये यूटीआर नंबरचा रकाना सक्तीचा करा. १२ अंकी असतो, प्रत्येक यूपीआय व्यवहाराला वेगळा. तो स्टेटमेंटशी जुळला तर जागा पक्की, नाहीतर नाही. स्क्रीनशॉट घेणं बंद करा, आजकाल खोटे स्क्रीनशॉट बनवायची अ‍ॅप्सच मिळतात. आणि बॅच असताना फोन घरच्या कुणाकडे तरी देऊन ठेवा.

सातपूर_शिफ्ट

हरिहरवाले भाऊ, तुमचं गणित बरोबर आहे, पण तुमच्या ट्रेकला तिसावा माणूस आला तर तो बाकीच्यांबरोबर चालू लागतो. इथे नवव्याला चाकच नाही. त्यामुळे पैसे आले की नाही हे रात्री कळून उपयोग नाही, त्याच क्षणी कळून जागा एकने कमी व्हायला हवी. यूटीआरचा रकाना चांगला आहे, पण जुळवायचं काम ताईंकडेच राहतं, फक्त चित्राऐवजी आकडे जुळवायचे. त्यात लोक एखादा आकडा खालीवर करणार, ते वेगळंच. ३४० रुपयांत शनिवारची रात्र मोकळी होत असेल तर मी तरी डोळे झाकून देईन.

ताई, मी एका कारखान्याचं सॉफ्टवेअर सांभाळतो आणि सुट्टीत ओळखीच्यांच्या साइट्स करून देतो. तुमचा खरा घोटाळा हा की फॉर्म एकीकडे आणि पैसे दुसरीकडे. ते एकच केलं की निम्मं दुखणं गेलं. पैसे आल्याशिवाय नोंदणी नाही आणि नाव-नंबर दिल्याशिवाय पैसे नाहीत. त्यासाठी ४५,००० ची गरज नाही.

सगळ्यात सोपा रस्ता म्हणजे गेटवेचं स्वतःचं पेमेंट पेज. ते त्यांच्या सर्व्हरवर असतं, तुमच्या साइटवर फक्त "जागा नोंदवा" असं बटण लावून तिकडे पाठवायचं. कोडची एक ओळ लिहावी लागत नाही. पेजवर नाव, मोबाइल, तारीख हे रकाने ठेवता येतात. गेटवे निवडताना एकच गोष्ट विचारा: एका पेजवर किती नग विकायचे याची मर्यादा घालता येते का? ती असेल तर जागा संपल्या की पेज आपोआप पैसे घेणं थांबवतं. प्रत्येक बॅचला वेगळं पेज करा. कार्डाचा नंबर तुमच्या साइटवर येतच नाही, म्हणजे तो सांभाळायची जोखीमही तुमची नाही. तसंही ऑक्टोबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेने दुकानदारांना ग्राहकाचं कार्ड साठवायला मनाई केलीय.

दुसरा रस्ता वूकॉमर्सचा, म्हणजे वर्डप्रेस साइटलाच ऑनलाइन दुकान जोडायचं. प्रत्येक बॅच म्हणजे एक वस्तू, शिल्लक साठा आठ, आणि गेटवे साइटला जोडणारं प्लगइन. दिसायला साइट छान एकसंध राहते, पुढेमागे मग-कुंड्या विकायच्या झाल्या तर तीच दुकानासारखी वापरता येते. पण अपडेट, बॅकअप, प्लगइनची भांडणं हे सगळं कोणीतरी बघावं लागतं, आणि तुमचा पुतण्या संध्याकाळी बघणार. पणत्यांच्या आधी पहिलाच रस्ता धरा.

वूकॉमर्सकडे कधी गेलातच तर एक गोष्ट पुतण्याकडून लिहून घ्या: वेबहुक लावलाय का? होतं असं की माणूस पैसे द्यायला साइटवरून फोनपे किंवा गूगल पे मध्ये जातो, पिन टाकतो, पैसे जातात, आणि तो तिथूनच फोन खिशात टाकतो. ब्राउझरकडे परत येतच नाही. मग "धन्यवाद" वालं पान उघडत नाही आणि साइटला कळतच नाही की पैसे आले. ऑर्डर "पेंडिंग" दिसत राहते, जागा कोणीतरी दुसराच घेतो. वेबहुक म्हणजे गेटवेचा सर्व्हर तुमच्या सर्व्हरला परस्पर कळवतो की अमुक ऑर्डरचे पैसे जमा झाले. ग्राहकाचा फोन बंद पडला तरी निरोप पोचतो. यूपीआयवाल्या आपल्या देशात हे लावल्याशिवाय साइट सुरू करणं म्हणजे दाराला कडी नसताना गावाला जाणं. बरेच जण टेस्ट मोडमध्ये नकली कार्ड चालवून बघतात आणि झालं म्हणतात. चाचणी खऱ्या फोनवरून, खऱ्या यूपीआयने करा, आणि मुद्दाम पैसे देऊन ब्राउझर बंद करून बघा.

कागदपत्रांत पॅन, रद्द केलेला चेक आणि धंद्याचा पुरावा लागतो. उद्यम नोंदणी (छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी) नसेल तर करून टाका, फुकट आहे, सरकारी पोर्टलवर आधारवरून होते. पैसे घेऊन करून देणाऱ्या साइट्सचा भरणा आहे, त्या टाळा. खात्यावरचं नाव आणि पॅनवरचं नाव एकच हवं. आणि तुमच्या साइटवर अटी, गोपनीयता, रिफंडचे नियम आणि संपर्क ही चार पानं असल्याशिवाय बहुतेक गेटवे खातं चालू करत नाहीत. अर्ज अडकतात ते बहुधा याच्यापायी.

गेटवेचं खातं तुमच्याच नावावर, ओटीपी तुमच्याच मोबाइलवर. पुतण्या गुणी असेल, एजन्सीही गुणी असेल, तरीसुद्धा.

हिशेबाची_वही

वरचं तांत्रिक चांगलं सांगितलंय, मी पैशाचं तेवढं जोडतो. (आकडेमोड हाच माझा धंदा, इंदिरानगरला बसतो.)

गेटवेतून तुमच्या खात्यात १,७५७ रुपये ५२ पैसे येतील, पण तुमची उलाढाल १,८०० च धरायची. कापलेले ४२.४८ हा खर्च. बरेच छोटे व्यावसायिक खात्यात आलेला आकडाच जमा धरतात आणि मग वर्षाअखेरीस गेटवेचा अहवाल आणि बँक जुळत नाही. दर महिन्याला गेटवेवरून सेटलमेंटचा (किती कापून किती खात्यात टाकले त्याचा) अहवाल उतरवून ठेवायचा, फक्त एवढं करा.

सेवा देणाऱ्यांना महाराष्ट्रात वर्षाला २० लाखांपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. नोंदणी नसेल तर पावतीवर जीएसटी लावायचाही नाही. काही पेमेंट पेजवर कराचा रकाना आधीच असतो, तो काढून टाका. आणि गेटवेच्या फीवरचा जीएसटी नोंदणीशिवाय परत मिळत नाही, तो खर्चातच गेला.

आणखी एक, जे कोणी सांगत नाही: अनुमानित पद्धतीने (खर्चाचा हिशेब न देता उलाढालीचे ठराविक टक्के नफा धरून) आयकर भरत असाल तर रोखीच्या उलाढालीवर ८ टक्के नफा धरतात, बँकेतून किंवा ऑनलाइन आलेल्यावर ६. ते २ टक्के कपातीचं दुःख तिथे थोडं हलकं होतं.

पैसे त्याच दिवशी मिळत नाहीत. साधारण दोन कामकाजाचे दिवस लागतात. शुक्रवारी रात्री मुंबईकरांनी भरलेले मंगळवारी किंवा त्याच्याही पुढे येतील. शनिवारी मातीवाल्याला द्यायचे पैसे त्यावर अवलंबून ठेवू नका.

चाकावरची

सगळ्यांचे मनापासून आभार. हरिहरवाले दादा, क्यूआर स्टुडिओत राहीलच, कोणी जाताना मग विकत घेतला तर तोच कामाला येतो. नोंदणीसाठी मात्र पेमेंट पेजच करते. उद्यम आधीचंच आहे, पॅन आणि चेक स्कॅन केले. चार पानांपैकी दोन लिहून झाली.

दोन शंका. पंचवटीच्या एक काकू आणि त्यांच्या मैत्रिणी दर पावसाळ्यात येतात. त्या ऑनलाइन पैसे देणार नाहीत, नोटा मोजून हातावर ठेवतात आणि वर चकल्या आणतात. त्यांची नोंद कुठे करायची? आणि दुसरं, शेवटच्या एका जागेसाठी दोघांनी एकाच मिनिटाला पैसे भरले तर?

सातपूर_शिफ्ट

दोन्हीला एकच उत्तर: ऑनलाइन सातच जागा विका.

आठवी तुमच्या हातात ठेवा. एकटी काकू आली तर ती जागा तिची. चौघी मिळून येणार असतील तर त्यांनी फोन केल्याबरोबर त्या बॅचच्या पेजवरची मर्यादा सातवरून चारवर आणा, दोन मिनिटांचं काम आहे. वेगळ्या वहीत लिहू नका, नाहीतर पुन्हा ताळा आलाच.

दोघांनी एकदम भरलं तर चांगलं पेज एकालाच घेतं. पण यूपीआयचा एखादा व्यवहार बँकेत अडकून दहा-पंधरा मिनिटांनी यशस्वी होतो, तोवर ती जागा दुसऱ्याला गेलेली असते. अशा वेळी हातातलं आठवं चाक कामी येतं. तेही भरलेलं असेल तर गेटवेच्या डॅशबोर्डवरून रिफंड करायचा. स्वतःच्या यूपीआयवरून परत पाठवू नका, गेटवेच्या हिशेबात मग ते पैसे तुमच्याकडेच राहिलेले दिसतात. रिफंडला साधारण आठवडा धरा, आणि मूळ व्यवहारावर कापलेली फी सहसा परत येत नाही, तेवढे ४२ रुपये तुमच्या अंगावर.

हरिहरवाला

सातच विकायची युक्ती आवडली. माझ्याकडे गाडीत १३ सीट आहेत, १२ च विकून बघतो.

चाकावरची

ही कल्पना भारी आहे, असंच करते. रिफंडच्या पानावर लिहिलंय की ४८ तास आधी कळवलं तर पूर्ण पैसे, त्यानंतर कळवलं तर पैसे नाहीत पण पुढच्या बॅचला जागा. माझ्याकडून बॅच रद्द झाली तर पूर्ण परत. एवढं चालेल ना?

हिशेबाची_वही

चालेल. फक्त भाजताना वस्तूला तडा गेला तर काय, तेही लिहा. भांडण रद्द केलेल्या बॅचवरून कमी आणि फुटलेल्या मगवरून जास्त होईल.

चाकावरची

खरंय. तडा गेला तर पुढच्या वेळी एक वस्तू फुकट करू देते, आतापर्यंत तोंडीच सांगत होते. आजच टाकते.