होस्टाचे गड्डे आत्ता फोडू का? (न्यू जर्सी, मेपलखालची सावली)

जर्सीकर: मंडळी, मागच्या अंगणात मेपलखाली आधीच्या मालकांनी लावलेले होस्टा (सावलीत वाढणारी मोठ्या पानांची झाडं) आहेत, एकेक गड्डा परातीएवढा झालाय आणि मधे टक्कल पडलंय. फोडून कुंपणाच्या कडेने लावायचेत, तिकडे दुपारचं ऊन येतं. एप्रिलमधे कोंब आत्ता कुठे वर यायला लागलेत, तर आत्ताच करू का फॉलपर्यंत (पानगळीपर्यंत) थांबू? आणि हरणांचं काय?

मातीतले हात: आत्ताच करा, पानं उलगडायच्या आत. कोंब दिसतात म्हणजे कुठे कापायचं ते कळतं. लांबून गोल खणून अख्खा गड्डा उचला, पाइपने माती धुवा आणि सुरीने कापा, प्रत्येक तुकड्याला दोन-तीन कोंब आणि मुळं हवीत, एकच कोंब असला तरी जगतो पण भरायला वर्षं लागतात. आधी होता तेवढाच खोल लावा. मेपलखाली परत लावणार असाल तर पाणी जास्त द्या, त्याची मुळं वरवर असतात, सगळं तीच पिऊन टाकतात. आणि दर गड्ड्यानंतर सुरी ब्लीचच्या पाण्यातून काढा!! होस्टा व्हायरस एक्स हा होस्टाचा रोग झाडाच्या रसातून पसरतो, औषध नाही. पानांवर शिरांच्या कडेने शाई फुटल्यासारखं दिसलं तर ते झाड सरळ कचऱ्यात, कंपोस्टमधे नाही.

सावलीप्रेमी: दुपारच्या उन्हात निळसर पानांचे नका लावू (हॅल्सियन वगैरे जाती), पानांवरचा मेणासारखा थर उन्हाने जातो, निळेपणा गेला की मग उरलं काय. पिवळट पानांची सम अँड सबस्टन्स ही जात त्यातल्या त्यात ऊन सोसते. हरणांना होस्टा म्हणजे पंगतच, अंड्याच्या वासाचा स्प्रे चालतो पण जोराचा पाऊस झाला की परत मारा, खरा उपाय आठ फुटी जाळी. गोगलगायींना आयर्न फॉस्फेटचे दाणे.

पुण्याहून: मधेच विचारते, कुंडीत इकडे येईल का? पानं बघून अळूवडीच आठवली 😄

मातीतले हात: नाही हो ताई, त्याला हिवाळ्यात काही आठवडे कडक थंडी लागते, नाहीतर दरवर्षी बारीक होत जातो. तुम्ही कॅलेडियम लावा, अळूसारखीच पण रंगीत पानं. बाकी जपानमधे कोवळे कोंब उरुई म्हणून भाजीला खातात बरं का, पण कुत्र्यामांजरांना विषारी.

जर्सीकर: थँक्स! शनिवारी काढतोच. निळे मेपलखालीच ठेवतो. आठ फुटी जाळीला टाउनशिपचं (इथल्या नगरपालिकेचं) परमिट लागतं का, कोणी घेतलंय?