शॉवरवर साचलेला क्षारांचा थर घरच्या वस्तूंनी कसा काढावा?

प्रश्न
आमची सोसायटी पुण्याजवळ असून वर्षातील बहुतेक दिवस बोअरवेल किंवा टँकरच्या पाण्यावर भागवावे लागते. शॉवरच्या तोंडावर पांढरा, खरखरीत थर बसला आहे. निम्म्या छिद्रांतून पाणीच येत नाही आणि उरलेल्या धारांपैकी दोन तिरक्या जाऊन थेट दारावर आदळतात. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून लावले, फेस भरपूर आला, परंतु तो ओसरल्यावर थर जसाच्या तसा होता. दारावर विकायला येणारे ॲसिड वापरण्याचा धीर होत नाही. काय करावे?

प्रतिसाद १
ताई, सोडा आम्लारिधर्मी आणि व्हिनेगर आम्लधर्मी असल्यामुळे एकत्र आल्यावर ते एकमेकांचा जोर मारतात, आणि जो फेस दिसतो तो केवळ निघून जाणारा कार्बन डायऑक्साइड असतो. हा थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असतो, म्हणून त्याला नुसते आम्ल हवे. वाण्याकडे मिळणारे लिंबूसत्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, सुमारे ५० ग्रॅम घेऊन एक लिटर कोमट पाण्यात विरघळवावे, प्लास्टिकच्या पिशवीत ओतून शॉवरचे तोंड त्यात बुडेल अशा रीतीने पिशवी रबरबँडने घट्ट बांधावी आणि अर्धा तास थांबावे. छिद्रांभोवती बारीक बुडबुडे दिसू लागले की काम सुरू झाले असे समजावे. नंतर रबरी टोके अंगठ्याने चोळावीत. आतला खडा तांदळाच्या कणीसारखा बाहेर पडतो. रात्रभर मात्र पिशवी ठेवू नये, कारण क्रोमचा मुलामा काळवंडण्याची शक्यता असते.

प्रतिसाद २
वरील उपाय योग्य आहे, परंतु खालची फरशी कोणती आहे ते आधी पाहावे. सिरॅमिक टाइल असेल तर चिंता नाही. संगमरवर, कडप्पा, कोटा आणि शहाबादी हे सारे चुन्याचेच दगड असल्याने आम्ल त्यांनाही खाते. आमच्या जुन्या घरातील शहाबादी फरशीवर व्हिनेगरची बाटली कलंडली, तो निस्तेज डाग आजही पाहुण्यांच्या नजरेतून सुटत नाही. दुसरे, ब्लीच अथवा ब्लीचिंग पावडर वापरून झाल्यावर त्याच जागी कोणतेही आम्ल ओतू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो.

प्रतिसाद ३
भिंतीवरचा राखाडी, चिकट थर हा निराळा प्रकार आहे. जड, म्हणजे क्षार जास्त असलेल्या, पाण्यातील कॅल्शियम साबणाशी संयोग पावून न विरघळणारा साका तयार होतो. त्यासाठी भांडी घासण्याच्या द्रवात थोडा सोडा कालवून मऊ स्पंजने घासावे. सोड्याचा खरा उपयोग येथे आहे. तारेची घासणी मुळीच नको.

प्रश्नकर्ती
लिंबूसत्वाने दोन वेळा, प्रत्येकी अर्धा तास, केले. तिरक्या धारा सरळ झाल्या. तरीही गरम पाण्याची धार बारीकच आहे, गार पाण्याची मात्र उत्तम येते.

प्रतिसाद १
पाणी तापले की त्यातील विरघळलेले बायकार्बोनेट कार्बोनेट होऊन खाली बसते, म्हणून गरम बाजू नेहमी आधी तुंबते. आता शॉवरऐवजी गीझरच्या बाहेर पडणाऱ्या पाइपकडे आणि टाकीकडे पाहावे लागेल. ते काम गीझरचे बटण बंद करून प्लंबरकडूनच करून घ्यावे.