स्पॅनिश साहित्यातील ‘पिढ्या’ : नावे आणि वाचनाची सुरुवात

प्रश्न : स्पॅनिश साहित्याच्या इतिहासात सोळाव्या-सतराव्या शतकांतील सुवर्णयुगानंतर बहुधा थेट १८९८ आणि १९२७ च्या ‘पिढ्यां’चीच, म्हणजे त्या-त्या काळातील लेखकांच्या गटांचीच, चर्चा होते. ही नावे कशी पडली आणि वाचन कोठून सुरू करावे?

प्रतिसाद १ : १८९८ मध्ये अमेरिकेशी झालेल्या युद्धात स्पेनने क्यूबा, प्वेर्तो रिको आणि फिलिपिन्स गमावले; त्या काळात उनामुनो, आंतोनियो माचादो प्रभृती लेखकांनी देशाच्या अवनतीचा मुळापासून विचार केला, म्हणून ते नाव. १९२७ चे कारण अगदी निराळे आहे. गोंगोरा या कवीच्या निधनाला त्या वर्षी ३०० वर्षे झाली आणि लोर्का, आल्बेर्ती आदी तरुण कवींनी सेव्हिलमध्ये एकत्र येऊन त्याचा गौरव केला.

प्रतिसाद २ : माझ्या मते सुरुवात ‘लासारिल्यो दे तोर्मेस’ या कादंबरीपासूनच करावी. १५५४ च्या आवृत्त्यांवर लेखकाचे नाव नाही आणि १५५९ मध्ये धर्मन्यायालयाने पुस्तकावर बंदी घातली. सालामांकाच्या पुलाजवळील दगडी बैलाला कान लावायला सांगून आंधळा मालक त्याच्याकडे काम करणाऱ्या लासारो या मुलाचे डोके त्यावर आपटतो. भाबडेपणा तेथेच संपतो आणि भुकेशी झुंजणारा सामान्य मुलगा कथेचा नायक होतो. सेर्व्हान्तेसच्या ‘दोन किहोते’ (डॉन क्विक्झोट) या कादंबरीचा पहिला भाग १६०५ चा आहे, तो यानंतर वाचल्यास अधिक उलगडतो, असे मला मनापासून वाटते.

प्रतिसाद ३ : एकोणिसाव्या शतकातील वास्तववाद मात्र वगळू नये. गाल्दोसच्या कादंबऱ्यांत माद्रिदचा मध्यमवर्ग विलक्षण बारकाव्याने उभा राहतो.