दोन वर्षांचं मूल बोलत नाही, तर नुसतं थांबायचं?

उंबरा: "मुलगे उशिराच बोलतात, तीन वर्षांपर्यंत थांबा, स्पीच थेरपिस्ट उगाच घाबरवतात," हे काल इथे वाचलं आणि राहवलं नाही. दोन वर्षं पूर्ण झाली आणि मूल दोन शब्द जोडत नसेल, तर आधी कान तपासा. थाळी वाजवल्यावर वळतं, हा पुरावा नव्हे. थाळी दणक्यात वाजते. स, फ असे बारीक आवाज ऐकू येतात का, हे त्यातून कळत नाही. शिवाय मूल हाताची हालचाल पाहूनही वळतं. जन्मल्यावर ओएई ही कानाची चाचणी पास झाली म्हणून निर्धास्त राहू नका. ती आतल्या कानातल्या केसपेशींपर्यंतच पाहते, कानाच्या नसेचा दोष बेरा या दुसऱ्या चाचणीत कळतो. सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे पाणी साचतं, ते तर जन्मानंतरचं, त्या चाचणीत कसं दिसणार?

पायवाट: ते मीच लिहिलं होतं. कान तपासा, मान्य. पण उशिरा बोलणारी बरीच मुलं आपोआप बरोबरीला येतात, हे का लपवता?

उंबरा: लपवत नाही. कोणती येतील ते घरबसल्या कसं ठरवणार? मूल बोट दाखवून वस्तू मागतं का, खूण न करता "चेंडू आण" म्हटलं तर आणतं का, ते बघा. दोन्ही नसेल तर एक महिनाही घालवू नका.

रानवारा: माझा राग वेगळाच आहे. आईबापांना दाराबाहेर बसवून पंचेचाळीस मिनिटं मुलाला आत नेतात, याला थेरपी म्हणायचं? आठवड्यातले उरलेले सगळे तास मूल घरी असतं!

कंदील: आई समोर असली की काही मुलं तिच्या मांडीवरून हलतच नाहीत. आम्ही थेरपिस्टनी काम करायचं कसं? बाहेरून बोलणं सोपं आहे.

रानवारा: मग आईलाच करायला लावा ना! बुडबुड्यांची बाटली झाकण घट्ट लावून मुलाच्या हातात द्यायची. उघडत नाही. आता गप्प राहायचं, मनात दहापर्यंत मोजायचं. मूल बाटली पुढे करतं, तोंडाकडे बघतं, ही झाली मागणी. तेव्हाच "उघड" म्हणायचं आणि उघडायचं. पालक तिसऱ्या सेकंदाला उघडून देतात, तिथेच सगळं फसतं. हे बंद दाराआड कसं शिकवणार?

कंदील: आवाज चढवू नका. "हे काय? ते काय?" असा मारा करणारे पालकही आत येतात, मूल तोंड मिटून घेतं.

उंबरा: म्हणून तर त्यांना शिकवायचं! मूल "गाडी" म्हणालं, तर "गाडी गेली" म्हणा. एकच शब्द वाढवा, परीक्षा घेऊ नका.

कंदील: बरं, शेवटची पंधरा मिनिटं पालक आत. पहिल्या दोन भेटींत मात्र नाही.

रानवारा: पहिल्या भेटीतच हवेत. घरी काय चुकतं, ते तिथेच दिसतं.

पायवाट: माझा "तीन वर्षं थांबा" मागे घेतो. पण कान ठीक, खुणा ठीक, समजही ठीक असेल, तर तीन महिने घरीच हे करून बघायला हरकत आहे का?

उंबरा: हरकत नाही. फक्त शब्द तारखेसकट वहीत लिहा. वही पुढे सरकली नाही, तर त्याच आठवड्यात भेट घ्या.